स्लाइडवर विधान लिहा, विषय नको

फेब्रुवारीत विज्ञान दिन जवळ आला की मराठवाड्यातल्या कॉलेजांत व्याख्यानांची रांग लागते. पडद्यावर बहुधा एकच प्रकार असतो: वर 'प्रस्तावना', खाली सात बुलेट, आणि वक्ता श्रोत्यांकडे पाठ करून तेच वाचतोय. वाचणं आणि ऐकणं एकाच वेळी नीट होत नाही. श्रोत्यांचं वाचून आधी संपतं, मग हळूच मोबाइल बाहेर येतात.

मथळ्यात पूर्ण वाक्य लिहिलं की स्लाइडवरची निम्मी गर्दी आपोआप कमी होते. किल्लारीचा भूकंप घ्या. 'भूकंप : कारणे व परिणाम' यातून काहीच कळत नाही. 'भिंतीचे दोन थर सुटले आणि घर ढासळलं' असं लिहा. आता त्या वाक्याचा पुरावा दाखवणारं चित्र तेवढं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा तो धक्का ६.२ मॅग्निट्यूडचा, केंद्र उथळ, लोक झोपेत. पण एवढी माणसं कशानं गेली, हे दगडमातीच्या भिंतीचा छेद, म्हणजे ती मधून कापल्यावर दिसेल ते चित्र, पाहिल्यावरच उमगतं.

तो छेद चार स्लाइडमध्ये उलगडा. पहिलीत नुसती भिंत: बाहेरचे दगड, आतले दगड, मधे मातीची भर. दुसरीत त्याच भिंतीवर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, आणि मातीच्या वजनाचा खाली जाणारा बाण. तिसरीत आडवा हादरा. दोन्ही थर फुगून एकमेकांपासून सुटतात, कारण त्यांना बांधणारा आरपार दगड नाही. चौथीत तीच भिंत, आरपार दगड आणि काँक्रीटचा पट्टा घालून. नावं त्या-त्या भागावरच लिहा. कोपऱ्यात रंगांची सूची दिली की नजर सारखी येरझाऱ्या घालते. ॲनिमेशन वापरू नका, स्लाइडची प्रत काढून तिच्यात भर घाला. पीडीएफ केल्यावर ॲनिमेशन जातं, चार स्लाइड चारच राहतात.

आलेख आला की आधी आडवा अक्ष कशाचा, उभा कशाचा ते सांगा, मग रेषेकडे वळा. मॅग्निट्यूडचे बार तर काढूच नयेत असं माझं मत आहे. ५.२ आणि ६.२ चे बार शेजारी ठेवले तर दिसायला थोडाच फरक. प्रत्यक्षात लाटेचा आयाम (तिची उंची) दहापट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट.

अक्षराचा आकार पॉइंटमध्ये ठरवण्यापेक्षा मोजून पाहा. पडदा ४ फूट उंच आणि शेवटचा बाक ३० फुटांवर असेल, तर अंतर उंचीच्या साडेसात पट झालं. लॅपटॉपचा स्क्रीन ७ इंच उंच असेल तर त्याच प्रमाणात सव्वाचार-साडेचार फूट मागे उभं राहून वाचा. देवनागरीत मात्रा आणि रफार आधी पुसट होतात, म्हणून बारीक वळणाचा फाँट टाळा आणि ओळींत अंतर जास्त ठेवा.

खिडक्यांना पडदे नसलेल्या वर्गात काळी पार्श्वभूमी अजिबात चालत नाही. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही; तिथे पडद्यावर खोलीतला उजेडच दिसतो. पांढऱ्यावर काळं लिहा. लाल-हिरव्याच्या फरकावर अर्थ सोडू नका, काहींना तो दिसत नाही.

आयत्या वेळी घात होतो तो फाँटचा. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली फाइल, तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. युनिकोडमध्येच टाइप करा आणि पेन ड्राइव्हवर पीडीएफही ठेवा.

शेवटी 'धन्यवाद'ची स्लाइड नको. प्रश्न विचारले जातात तेव्हा पडद्यावर चौथ्या स्लाइडमधली भिंत असू द्या, लोक तिच्याकडे बोट दाखवून विचारतात. मधेच पडदा काळा करायचा असेल तर पॉवरपॉइंटमध्ये 'बी'ची कळ दाबा. स्लाइडचा क्रमांक टाकून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं.

आणि लाइट जाणार हे धरूनच चला. दिव्याचा प्रोजेक्टर वीज आल्यावरही लगेच पेटत नाही, दिवा आधी थंड व्हावा लागतो. तेवढ्या वेळात फळ्यावर काढता येईल असा भिंतीचा छेद आधीच हाताखालून गेलेला असावा. खडू मात्र बरोबर न्या, सभागृहात तो असेलच असं नाही.