रोखून धरलेला ग्लोरिया

आमच्या वसईच्या कोयरचं, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाचं, वर्ष सुरू व्हायचं २२ नोव्हेंबरला. तो संत सिसिलियाचा सण, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची ती आश्रयदाती. संध्याकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे उपासनाविधीनंतर, चर्चमागच्या हॉलमध्ये सगळे जमायचे. वाडीत केळींना पाणी लावून आलेले उंच आवाजाचे पुरुष, टेनर; चर्चगेटहून लोकलमध्ये उभ्याने आलेले खर्जातले, बास; आणि चर्चच्या माळ्यावर कोण पुढे उभं राहणार यावरून आदल्या वर्षीचं भांडण पुढे चालवणाऱ्या आम्ही उंच आवाजाच्या, सोप्रानो. मास्तर सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, वाटायचे. घशाला चांगली, म्हणायचे. मला वाटतं, तोंडं चिकटून आमची बडबड थांबावी हा खरा हेतू.

तबलेवाल्या काकांचा विनोद दर वर्षी तोच. २२ नोव्हेंबरलाच, १९०३ साली, पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीतावर आदेश काढला. त्यात पियानोला मनाई होती आणि ढोल-झांजांसारख्या गोंगाटी वाद्यांनाही. "साठ वर्षं बाहेर पायरीवर बसलो होतो मी," असं काका तबल्यावर थाप मारून सांगत. साठ अशासाठी, की ४ डिसेंबर १९६३ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज आला आणि लोकांच्या भाषेला, देशी संगीताला दार उघडलं. आमच्याकडे लॅटिन हळूहळू मागे पडली, मराठी आली, पेटीशेजारी तबला बसला. माझ्या आजीला लॅटिनचा एक शब्द कळत नव्हता, पण गाणी सगळी पाठ होती. मराठी कळायला लागल्यापासून ती आमच्या चुका काढू लागली.

मास्तर सोल्फा शिकलेले, डो-रे-मी वाले. पेटीवाले काका सा-रे-ग-म वाले. काकांचं म्हणणं, भक्तीला एक सूर पुरतो. मास्तरांना चार आवाज हवेत. दर वर्षी मास्तर जिंकायचे, पण फक्त ग्लोरियापुरते, म्हणजे मिस्सातल्या देवाच्या स्तुतिगीतापुरते. बाकीची गाणी काकांच्या पेटीमागून जायची.

आणि तो ग्लोरिया तर महिनाभर चर्चमध्ये गायचाच नसे. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार, रविवारी तो वगळतात. ८ डिसेंबरच्या मरियामातेच्या सणाला तेवढी सूट, पण त्या दिवशी मास्तर मुद्दाम जुनीच साधी चाल लावत. नवी चाल हॉलमध्ये, रात्री साडेआठनंतर, खिडक्या लावून. थंडीचं निमित्त असायचं. तरी बावखलापलीकडच्या, म्हणजे तळ्यापलीकडच्या, घरांतली पोरं ती चाल विहिरीवर शीळ घालत वाजवायची, आणि फोडली कुणी याची चौकशी आमच्यात व्हायची. अल्टोंची, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांची, एक ओळ कायम घसरायची. मास्तर ती एकटीला, दोघींना, मग सगळ्यांना गायला लावत. दहा वाजता कुणाचा तरी बाप सायकल घेऊन दारात उभा राही, तेव्हा सुटका.

लग्नानंतर एकदा वाईजवळ मेणवलीला गेले होते. घाटावरच्या देवळापाशी मोठी घंटा आहे, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली त्यानंतर आमच्याकडून गेलेली. नणंद फोटो काढत होती. मी मनात अल्टोंची ती ओळ म्हणून पाहत होते, कारण आमच्या चर्चमध्ये नाताळच्या रात्री ग्लोरिया सुरू झाला की घंटा वाजवायची पद्धत. दोर ओढायला माझा भाऊ असायचा. फादरांनी पहिला शब्द उचलला की वेदीजवळच्या हातघंट्या, वरची मोठी घंटा आणि आमचे चार आवाज एकदमच. महिनाभर दाबलेलं सगळं बाहेर यायचं. पुढे बसलेली लहान पोरं दचकून उठायची.

माझ्या शेवटच्या वर्षी अल्टो अर्धा सूर वर गेल्या. घंटांच्या गदारोळात खाली कुणाला कळलं नाही. आजीलासुद्धा नाही, ती म्हणाली छान झालं. मास्तर मात्र माळ्याचा जिना उतरताना काही बोलले नाहीत, नुसतं एक बोट वर करून आमच्याकडे पाहिलं, आणि खिशातून सुकेळी काढून पुढे केली.