शब्दकोडं प्रकल्प : एकच कोड, तीन कंपायलर

मराठी शब्दकोड्याची चौकट भरणारा माझा प्रोग्राम अखेर जीसीसी, क्लँग आणि व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी या तिन्ही कंपायलरवर (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या साधनांवर) एकही वॉर्निंग न देता कंपाईल झाला. तिघांनाही दमडी मोजली नाही.

मूळ कोड कॉलेजातला, टर्बो सी++ या जुन्या कंपायलरवरचा. निळी खिडकी, शेवटी कळ दाबेपर्यंत थांबवणारं गेटसीएच, शब्द रोमन अक्षरांत टंकलेले. तिथे इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, १६ बिटांचा, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे मोजणी गेली की आकडा थेट उणे. माझी शब्दयादी त्याहून मोठी, म्हणून तेव्हा दोन फायली केल्या होत्या. त्या या महिन्यात जोडल्या आणि यादी सगळी देवनागरीत आणली. टर्बोच्या काळातलं कोनिओ हेडर काढून टाकलं, मुख्य फंक्शनच्या जुन्या व्हॉइड मेन या रूपाचं प्रमाण इंट मेन केलं. हे काम एका संध्याकाळचं.

खरं घोडं अडलं ते अक्षरापाशी. शब्दकोड्यात 'क्षि' एका घरात बसतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीत, त्याचे चार तुकडे : क, हलन्त, ष आणि वेलांटी. ते साठवायच्या यूटीएफ-८ या रीतीत प्रत्येकी तीन, एकूण १२ बाइट. म्हणून हलन्तानंतरचं व्यंजन मागच्याला जोडायचं आणि मात्रा, अनुस्वार त्याच घरात ठेवायचे, असं फंक्शन लिहिलं. 'दुसऱ्या' मात्र काही केल्या यादीत सापडेना. माझ्या यादीत तो ऱ वापरून टंकलेला, दुसऱ्या फाईलीत साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही अगदी एक! आता फाईल वाचतानाच सगळे एका रूपात आणतो. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे आधीच करून घ्यावं.

त्यानंतरचा आठवडा एकाच चुकीमागे गेला. १५ बाय १५ ची चौकट भरताना कधीकधी खालच्या ओळीच्या पहिल्या घरात भलतंच अक्षर यायचं. कुठंतरी पाणी मुरतंय हे कळत होतं, पण प्रोग्राम बंद पडत नव्हता. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी कंपायलरची सोय) लावून चालवला, तर तो फक्त शेवटच्या ओळीत ओरडला. आणि ते बरोबरच होतं : वरच्या ओळींत सोळावं घर म्हणजे पुढच्या ओळीचं पहिलं घर, ती मेमरी माझीच, त्यात त्याला गैर काहीच दिसत नाही. अनडिफाइंड बिहेवियर सॅनिटायझर (भाषेच्या नियमांबाहेरचं वर्तन पकडणारा) जोडीला दिला, आणि त्याने पहिल्याच फेरीत ओळ क्रमांकासकट सांगितलं की निर्देशांक १५ (मोजणी ० पासून, म्हणजे सोळावं घर), हद्दीबाहेर. लूपमध्ये 'पेक्षा लहान'च्या जागी 'लहान किंवा समान' पडलं होतं. हे दोन्ही सॅनिटायझर एकत्र लावा, एकावर भागत नाही.

हे हत्यार माझ्यापर्यंत कसं आलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जीसीसी १९८७ पासूनचा. क्लँग २००७ मध्ये खुला झाला आणि त्याचे एरर संदेश इतके स्वच्छ होते की लोक वळू लागले. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर आधी क्लँगमध्ये आला, २०१३ च्या जीसीसी ४.८ मध्ये तोही आला आणि चुकीच्या जागेखाली बाण दाखवणंही त्याच आवृत्तीत सुरू झालं. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये हा सॅनिटायझर पक्का झाला २०२१ मध्ये. शेजाऱ्याच्या दारात दिवा लागला म्हणून तिघांच्या दारात उजेड पडला, आणि फायदा माझ्यासारख्या हौशी माणसाचा झाला. १९८३ मध्ये टर्बो पास्कल हा कंपायलर ४९.९५ डॉलरला मिळायचं तेव्हा तेच स्वस्त मानलं गेलं होतं.

तरी फुकट (पैसे न पडणारं) आणि मुक्त (कोड पाहायची, बदलायची, वाटायची मुभा असलेलं) यांत मी फरक करतो. जीसीसी मुक्त आहे. व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी २०१४ पासून माझ्यासारख्यांना फुकट आहे, मुक्त नाही. मायक्रोसॉफ्टचाच कोड लिहायचा एडिटर व्हीएस कोड, त्याचा सोर्स एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली खुला, पण तयार डाउनलोडचा परवाना मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा, आणि त्यांचं सी++ साठीचं जोड-साधन (एक्स्टेंशन) दुसऱ्यांच्या एडिटरमध्ये वापरायला परवानगी नाही. म्हणून मी त्याच खुल्या सोर्समधून बांधलेला व्हीएसकोडियम घेतला आणि त्यात क्लँगडी हा सी++ ची जाण असलेला सर्व्हर बसवला. अर्धवट टंकलेलं नाव पूर्ण करून देणं, नावाच्या व्याख्येवर उडी मारणं, सगळं चालतं, कारण २०१६ मध्ये पुढे आलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमुळे एडिटर आणि भाषेची जाण असलेला सर्व्हर यांची ताटातूट झाली. तो प्रोटोकॉल मायक्रोसॉफ्टचाच, याचं श्रेय त्यांना मनापासून देतो.

विंडोजवर एक गोष्ट जपा : मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला यूटीएफ-८ चा पर्याय स्वतः द्यावा लागतो, नाहीतर कोडमधल्या देवनागरी अक्षरांचा चुराडा होतो.

पुढच्या खेपेला आडव्या-उभ्या शब्दांची गाठ जलद लावायची आहे. सध्या १५ बाय १५ भरायला चहा होईपर्यंत वेळ लागतो. मधल्या घरापासून सुरुवात करून बघतोय.