आत्या – बेसवर

रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मी एका तेरा वर्षांच्या पोरीने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले दोन शब्द घेऊन बसलेय. म्हणजे बघा.

झालं असं की चिनू सध्या एक जाडजूड इंग्रजी सिरीज वाचतेय. पाच-सहा पोरं, प्रत्येकाला काही ना काही पॉवर, कोणाच्या हातातून आग निघते, कोणाला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं, आईबाप पहिल्याच प्रकरणात मेलेले नाहीतर गायब (ते असले तर पोरांना रात्री नऊनंतर बाहेर कोण सोडणार, जग वाचवणं लांबच राहिलं), मध्येच टीममधला एक फितूर होतो आणि शेवट पुढच्या भागावर ढकललेला. मी पण दुपारी सहज चाळायला घेतली तर शंभर पानं कधी झाली कळलंच नाही, भाजी खाली लागली.

तर त्या नादात तिने आमच्या घराची टीम केलीय. आजी – दोन खोल्या पलीकडचं ऐकू येतं. आजोबा – टाइम फ्रीझ (पेपरचं एकच पान, दीड तास). आई – एकाच वेळी दोन ठिकाणी. पप्पा – काम निघालं की टेलिपोर्ट. खालच्यांच्या टॉमीला नाइट व्हिजन. आणि शेवटी, आत्या – बेसवर.

पॉवरच नाही. नुसता पत्ता.

मी आपलं हसत हसत विचारलं, बेसवर म्हणजे काय गं? तर मान वर न करता म्हणते, "सगळे मिशनवर जातात ना, मग बेसवर कोणीतरी लागतंच. तू असतेसच ना घरी."

असतेसच. त्या च ने घात केला. टॉमीला पॉवर आहे, जो कुत्रा फटाक्यांना घाबरून जिन्याखाली बसतो त्याला, आणि मी असतेसच. सकाळी दादा मकरपुऱ्याला, वहिनी बँकेत, चिनू शाळेत, आणि मी दारात उभी, डबा घेतला का, बाटली, किल्ली. पुण्याचं ते सगळं सोडून आले तेव्हा मला कोणी... जाऊ दे, तो विषय नको.

मग मी स्वतःची समजूत काढायला लागले. १९६३ साली ते एक्स-मेन कॉमिक सुरू झालं, त्यात पण पाच टीनएजर पोरं बाहेर मारामाऱ्या करतात आणि प्रोफेसर आपला घरीच, व्हीलचेअरवर. पण तो टकला जगभरातली मनं वाचतो हो, मी गॅसचा नंबर लावते. फास्टर फेणेला तरी कुठे पॉवर होती म्हणा, सायकल आणि आगाऊपणा एवढंच भांडवल. पण तो घरी बसायचा नाही! म्हणजे तिकडूनही काही दिलासा नाही.

आणि गंमत म्हणजे नववीत मी स्वतः अशी एक कादंबरी लिहायला घेतली होती, हे आत्ता भांडी आवरताना आठवलं. दोनशे पानी वही, जांभळं जेल पेन. दांडिया बाजारातली चार पोरं, आणि त्यांना पॉवर मिळते कुठे, तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत. ती मला तेव्हा भुताटकीच वाटायची. सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणून बडोद्यात लायब्रऱ्यांचं काम सुरू केलं, तिथले ते लोखंडी रॅक, आणि मजल्याला काचेची जमीन. काचेची! उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून. वर कोणी चाललं की खालून त्याच्या चपलांच्या सावल्या सरकताना दिसायच्या. माझ्या गोष्टीत त्या सावलीखाली जो उभा राहील त्याला पॉवर. आजही मला ही आयडिया वाईट वाटत नाही.

अडकली कुठे, तर सातव्या प्रकरणात. चौघं सूरसागरकडे व्हिलनच्या मागे गेली, मी अगदी जोरात लिहिलेलं ते, पाच पानं नुसती धावाधाव. आणि इकडे लायब्ररीत कोणी नाही. दार सताड उघडं. व्हिलनची माणसं आरामात आली आणि नकाशा, यंत्र, सगळं उचलून घेऊन गेली. आता पुढे काय ते मला काही केल्या सुचेना, एक महिना वही तशीच, मग दहावी आली.

एक माणूस मागे ठेवायला काय जात होतं माझं? पण चौघांपैकी कोणालाच थांबवावंसं वाटलं नाही, एकीला थांबवून बघितलं होतं तर ती प्रकरणभर रुसली, म्हणजे मीच रुसले तिच्या वतीने, आणि ते पान फाडलं.

आतून आत्ताच हाक आली, "आत्याऽऽ, माझा चार्जर कुठेय?"

सोफ्याच्या मागे, डाव्या बाजूच्या प्लगला. मला माहीत होतं. दोन मिनिटं गप्प बसले, जरा शोधू दे म्हटलं टीमला, मग सांगितलं.