शेवटच्या पंगतीचा भात

तात्या गेले तेव्हा चाळीच्या तोंडाशी बॅनर लागला, ‘अपूरणीय हानी’ असं छापलेला. तात्यांनी तो पाहिला असता तर आधी छपाईचे पैसे किती पडले ते विचारलं असतं. हानी नेमकी कसली, ते भाद्रपद तोंडावर आल्यावर कळतं. महाप्रसादाची यादी आता काढणार कोण?

लालबाग-परळच्या पट्ट्यात मोठी मंडळं पुष्कळ. चिंचपोकळीचा चिंतामणी 1920 पासूनचा, गणेश गल्लीचा गणपती 1928 पासूनचा. आमचं मंडळ एका चाळीपुरतं. चाळीतली बहुतेक माणसं रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची, त्यामुळे चतुर्थीला निम्म्या खोल्यांना कुलपं. गौरी-गणपती बोळवून माणसं परतली की अनंत चतुर्दशीच्या आधीच्या रविवारी सत्यनारायण आणि महाप्रसाद. हा रिवाज तात्यांनीच लावला.

गिरणीत ते साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, पण शंभर माणसांचा स्वयंपाक शिकले ते घरातच. काकूंची खाणावळ होती. एकटे राहणारे कामगार दोन वेळा जेवायचे आणि पैसे पगाराच्या दिवशी द्यायचे. पाळीवरून आले की तात्या नारळ खवायला किंवा परातीशी कणीक मळायला बसायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, पगाराचा दिवसच उरला नाही, आणि पाठोपाठ खाणावळही बसली. मग सकाळी भाजीची गाडी, रात्री वॉचमनची नोकरी, आणि त्यावर तीन मुलांची शिक्षणं. त्या वर्षीसुद्धा महाप्रसाद चुकला नाही. पुऱ्या गाळल्या, शिरा पूजेपुरता केला आणि सगळ्यांना उसळ-भात वाढला.

एरवीचा बेत ठरलेला: शिरा, पुरी, काळ्या वाटाण्याची उसळ, बटाट्याची भाजी, मसालेभात, पापड, ताक. माणसं साडेतीनशे. हा आकडा तात्या वर्गणीच्या पावत्यांवरून कधीच काढत नसत, कारण पावती एक असते आणि जेवायला माणसं पाच येतात. खोलीगणिक डोकी मोजायची, त्यावर दहा टक्के पाहुणे धरायचे. शंभर माणसांना तांदूळ आठ किलो, वाटाणे चार किलो, पुरीची कणीक आठ किलो. किलोला पन्नासेक पुऱ्या, म्हणजे ताटाला चार.

वाटाणे आदल्या रात्री नऊला भिजत पडायचे. सकाळी ते फुगून दुप्पट झालेले असतात, तेव्हा भांडंही तेवढं मोठं हवं. सोड्याला तात्यांचा सक्त विरोध, सोड्यानं साल सुटतं आणि उसळीचा लगदा होतो. आमसूल वाटाणा बोटानं चेपल्यावरच घालायचं, आंबट आधी पडलं तर वाटाणा कितीही शिजवा, टणक राहतो. वाटपात भाजलेलं खोबरं, धणे, बडीशेप आणि सुकी मिरची. पूजेचा दिवस, म्हणून कांदा-लसूण नाही. काळ्या वाटाण्याला कांद्याची उणीव भासत नाही, हे ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको.

पुऱ्यांची सगळी कणीक एकदम मळायची नाही. चार-चार किलोचे घाणे करायचे, किलोला मूठभर बारीक रवा घालून. मळून ठेवलेली कणीक सैल पडते आणि तेल पिते. पूजेच्या शिऱ्याला रवा, तूप, साखर प्रत्येकी सव्वा किलो, दूध अडीच-तीन पट आणि तेही उकळतं. थंड दूध पडलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. साखर रवा फुलल्यावर. घाई करून आधी घातली तर रवा कचकचीत राहतो.

भात हा तात्यांचा खरा प्रांत. अठ्ठावीस किलो तांदूळ एका टोपात कधी टाकला नाही. तळचा दबून गच्च होतो आणि वरचा कच्चा राहतो. टोप तीन, प्रत्येकी नऊ-साडेनऊ किलोचे. घरी मापाला दुप्पट पाणी घालतात, पण मोठ्या टोपात वाफ कमी जाते, म्हणून इथं पावणेदोन पट आणि तेही आधणाचं. बूड लागलंच तर उलथनं घालायचं नाही. ढवळलं की करपट वास टोपभर होतो. वरवरचा भात अलगद दुसऱ्या टोपात काढून घ्यायचा आणि खालचा थर तसाच सोडायचा.

पहिला टोप पहिल्या पंगतीला तयार. दुसरा पहिली पंगत बसली की भट्टीवर, तिसरा दुसरी बसली की. पंगतीला चाळीस मिनिटं लागतात आणि भाताला वाफेसकट जवळजवळ तेवढीच. अनेक मंडळांत सगळा भात सकाळीच शिजवून झाकून ठेवतात, मग शेवटी बसणाऱ्यांच्या पानात पडतो तो गार, गोळा झालेला भात. आणि शेवटी बसतात कोण? वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका, रविवारीही कामावरून येणारे. तात्यांच्या घरातली माणसंही त्याच पंगतीला, काकूंसकट. मुलं लहान असताना भुकेनं कुरकुरायची, तरी त्यांना आधी बसवलेलं कुणी पाहिलं नाही. हे जरा जास्तच होतं असं काकू आजही म्हणतात, आणि ते खरंच आहे.

ही सगळी मापं तात्यांच्या वहीत आहेत. भाड्यानं आणलेल्या भांड्यांची मोजदादसुद्धा: टोप, पराती, झारे, ओगराळी, नेताना किती आणि परत देताना किती. ओगराळं हमखास एक कमी भरतं, कुणाच्या तरी घरी आमटीत राहून जातं. मिठाचा आकडा मात्र वहीत कुठेच नाही. मीठ घालणारा हात एकच असावा, दोघांनी घातलं की खारट झालंच, एवढं ते सांगायचे आणि मीठ स्वतः घालायचे. घालण्याआधी रस्सा वाटीत घेऊन काकूंकडे पाठवायचे, हे भट्टीजवळ असणाऱ्यांनाच ठाऊक.

यंदा मीठ काकू घालणार आहेत. त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, गुडघे दुखतात, तेव्हा सकाळी सातच्या आत दोघांनी खुर्ची घेऊन वर जायचं. वाटाणे तोवर शिजत आलेले असतील.