आईचा समुद्र

आज पहाटे मॉरिशसहून दादरला घरी पोचलो. बॅगा अजून दारातच आहेत, पण कालची सकाळ डोळ्यांपुढून हलत नाहीये.

दादर चौपाटी घरापासून दहा मिनिटांवर, तरी आईला साडीचा काठ भिजेल इतक्याच पाण्यात मी आजवर पाहिलंय. काल फ्लिक आं फ्लाकच्या किनाऱ्यावर ती नातीचा हात धरून गुडघाभर पाण्यात चक्क बसली! तिथे प्रवाळाची भिंत लाटांना लांबवरच अडवते. किनाऱ्याशी पाणी तळ्यासारखं निवांत. "अगं, माझे पाय दिसतायत मला," असं तीन-तीनदा म्हणाली.

नंतर अननस घेतला, तिखटमीठ लावलेला, देठाला धरून खायचा. विकणाऱ्या आजींनी आमचं बोलणं ऐकलं आणि म्हणाल्या, "आम्ही पण मराठी." १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर राबायला नेलेल्यांत कोकणातली माणसंही होती, हे वाचलं होतं. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडचे. गाव कोणतं, ते आता घरात कुणालाच आठवत नाही. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, हे मात्र त्यांनी केवढ्या अभिमानाने सांगितलं!

आईने पर्समधली आंबावडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. दोघी बराच वेळ तशाच उभ्या होत्या, हातात हात घेऊन.