हेलसिंकी : अर्ध्या दिवसाचं शहर म्हणे!

टूरवाल्यांच्या स्कँडिनेव्हिया पॅकेजमध्ये हेलसिंकीच्या वाट्याला बहुतेक वेळा अर्धाच दिवस येतो. बस सिनेट चौकात थांबते, पांढऱ्या चर्चच्या पायऱ्यांवर ग्रुप फोटो, मग संगीतकार सिबेलियसच्या स्मारकातल्या पाइपांपुढे आणखी एक फोटो, दगडातलं चर्च, बंदरावर थोडीशी मॅग्नेटखरेदी आणि संध्याकाळी स्टॉकहोमची बोट. त्यामुळे जाऊन आलेल्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "छान आहे गं, स्वच्छ आहे, पण बघण्यासारखं असं काही नाही."

मला मात्र हे शहर जाम आवडलं. माझा धाकटा भाऊ एस्पोला असतो, म्हणजे हेलसिंकीला चिकटूनच असलेलं शहर, आयटीतली आपली बरीच मंडळी तिकडेच राहतात. त्यांच्याकडे बाळ झालं म्हणून जूनमध्ये मी गेले आणि भाऊ सकाळी ऑफिसला निघाला की भावजय, मी आणि बाबागाडीतले चिरंजीव असे मेट्रो पकडून शहरात हुंदडायला मोकळे. आणि हो, तिकडे बाबागाडीत बाळ घेऊन जाणाऱ्या मोठ्या माणसाला बस, ट्राम, मेट्रो सगळं फुकट! एका गाडीमागे एकाच माणसाला, म्हणून गाडी ढकलायला आमच्यात रोज चढाओढ. मेट्रोला गेट नाहीत, कोणी अडवत नाही, पण चेकर आला आणि तिकीट नसेल तर दंड असा दणदणीत की नुसतं ऐकूनच मी दहा वेळा ॲप उघडून तिकीट चेक करायचे.

एक आधीच सांगते, राजवाडे, संगमरवर, सोन्याचे नक्षीकाम असलं काही हवं असेल तर इकडे येऊ नका. हेलसिंकी स्थापन झालं १५५० मध्ये, पण राजधानी झालं ते १८१२ मध्ये, फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात गेल्यावर. तोपर्यंत कारभार तुर्कू शहरातून चालायचा, ते पडलं स्वीडनच्या जवळ, झारला ते कसं चालणार! मग कार्ल लुडविग एंगेल नावाच्या जर्मन आर्किटेक्टला कामाला लावून आखीवरेखीव नवी राजधानी बांधून घेतली. सिनेट चौक त्याचाच. मधोमध झार अलेक्झांडर दुसरा याचा पुतळा, १८९४ मधला. १९१७ ला फिनलंड रशियापासून स्वतंत्र झाला तरी पुतळा तिथेच, कारण याच झारने १८६३ मध्ये फिनलंडची संसद पुन्हा बोलावली होती. मला हे फार आवडलं, राज्यकर्ते गेले पण जो बरा वागला त्याचा पुतळा ठेवला बिचाऱ्याचा. वरचं पांढरं कॅथेड्रल १८५२ ला पूर्ण झालं, तोवर एंगेलसाहेब वारलेलेही होते. आत गेलात तर एकदम साधं, रोममधली चर्चेस पाहून आलेल्यांना "एवढंच?" वाटेल. खरी मजा पायऱ्यांवर. जरा ऊन पडलं की अर्धं शहर तिथे आइस्क्रीम खात बसलेलं.

तिथून पाच मिनिटं चाललं की कौप्पातोरी, म्हणजे बंदरावरचा बाजार. केशरी तंबू, सॅमन भाजल्याचा वास, आणि स्ट्रॉबेरी नि मटार चक्क लिटरच्या मापाने! सालासकट कच्च्या मटारच्या शेंगा पिशवीत घ्यायच्या आणि चणे-फुटाणे खावेत तसं खात खात बंदरावर फिरायचं. भारी गोड असतात. शाकाहारी लोकांचा तेवढाच आधार. मी मासे खाते, त्यामुळे तळलेले छोटे मुइक्कू मासे आणि लोहिकेइत्तो, म्हणजे सॅमन-बटाटा-दुधाचं सूप, दोन्ही हाणलं. सूपवर शेपू असतो, आपण शेपू म्हटलं की तोंड वाकडं करतो पण तिथे तो जमून आलाय. सीगलपासून मात्र जपा, डोक्यावर टपलेलेच असतात आणि हातातला मासा उचलून नेतात, माझ्यासमोर एका काकांचा नेला.

याच बाजाराच्या धक्क्यावरून सुओमेनलिन्नाची, म्हणजे बेटावरच्या जुन्या किल्ल्याची बोट सुटते. अर्ध्या दिवसाच्या कार्यक्रमात नेमकं हेच बसत नाही आणि माझ्या मते हेलसिंकीत एकच गोष्ट बघायची असेल तर ही. शहराच्या बसचंच तिकीट या बोटीला चालतं, पंधरा-वीस मिनिटांत बेटावर. १७४८ मध्ये स्वीडनने हा किल्ला बांधायला घेतला, तेव्हा फिनलंड स्वीडनचाच भाग आणि भीती रशियाची. आपल्याला जलदुर्ग म्हटलं की सिंधुदुर्ग नाहीतर जंजिरा डोळ्यासमोर येतो, पाण्यातून सरळ वर चढलेला तट. इथे तसं काही नाही. तट बुटके, जाडजूड, कोनाकोनाचे आणि वर चक्क गवत, कारण हा तोफांच्या जमान्यातला किल्ला, भिंत जेवढी उंच तेवढी गोळे खायला सोयीची. पहिल्यांदा वाटतं ही टेकडी आहे, जवळ गेल्यावर कळतं की खाली दगडी खोल्या आणि अंधारे बोगदे आहेत. मोबाइलचा टॉर्च लागतोच, आणि बाबागाडी असेल तर एकाने बाहेर थांबायचं.

एवढा खर्च करून बांधलेला किल्ला १८०८ मध्ये रशियनांनी वेढा घातल्यावर फारशी लढाई न होताच त्यांच्या हाती गेला. किल्लेदार होता क्रॉनस्टेट नावाचा ॲडमिरल. त्याने शरणागती का पत्करली यावर अजून वाद घालतात म्हणे, आणि फितुरीचा संशय आहेच. किल्ल्यांच्या गोष्टी सगळीकडे सारख्याच! नंतर शंभरेक वर्षं रशियन, १८५५ मध्ये क्रिमियन युद्धात ब्रिटिश-फ्रेंच आरमाराने इथे तोफा डागल्या, १९१८ मध्ये यादवी युद्धानंतर हरलेल्या बाजूच्या लोकांना इथेच कैदेत ठेवलं. हे सगळं डोक्यात घेऊन फिरावं तर आजूबाजूला लोक चादर अंथरून वाइन पीत पडलेले आणि पोरं तोफांवर चढलेली.

मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की किल्ल्यात लोक राहतात. साधारण ८०० माणसं. शाळा आहे, दुकान आहे, वाळत घातलेले कपडे आहेत. चर्चच्या घुमटावर दीपगृह आहे, खरंखुरं, चालू. शिवाय एक खुलं कारागृह आहे आणि तिथले कैदी किल्ल्याच्या डागडुजीचं काम करतात. युनेस्कोच्या यादीत १९९१ पासून असलेल्या किल्ल्याची निगा कैदी राखतात! आपल्या गडांची अवस्था आठवून मी यावर भावाशी रात्री बराच वेळ बोलत बसले होते, म्हणजे रात्री म्हणायचं फक्त, अकराला दहा कमी असताना सूर्य मावळतो.

बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला राजाचा दरवाजा आहे, तिथपर्यंत चाला, अर्ध्यातून परत येऊ नका. तिथल्या अरुंद खाडीतून स्टॉकहोमच्या त्या दहा-बारा मजली बोटी जातात, इतक्या जवळून की डेकवरची माणसं हात करताना दिसतात. वाटेत वेसिक्को नावाची छोटी पाणबुडी आहे, १९३० च्या दशकातली, आत जाता येतं. त्या डबड्यात माणसं आठवडे कसे काढत असतील देव जाणे. आणि बदकं नाहीत, हंस नाहीत, तर पांढऱ्या गालांचे गूज पक्षी, सगळ्या गवतावर पसरलेले. पिल्लं बरोबर असली की फार जवळ जाऊ नका, फिस्कारतात, आणि खाली बघून चाला (का ते कळेलच).

दगडातलं चर्च, तेम्पेलिऔकिओ, हे टूरवाल्यांच्या यादीत आहे आणि ते योग्यच आहे. १९६९ मध्ये पूर्ण झालं, तिमो आणि तुओमो सुओमलाइनेन या भावांनी डिझाइन केलेलं. शहराच्या मधोमध खडक होता तो सुरुंग लावून आतून पोखरला, भिंती तशाच ओबडधोबड ठेवल्या, वर तांब्याचा घुमट आणि कडेने काचेच्या पट्ट्या. वेरूळ ज्यांनी पाहिलंय त्यांना दगड कोरण्याचं कौतुक सांगायची गरज नाही, पण घुमटाच्या कडेने येणारा तो उजेड बघाच. आम्ही गेलो तेव्हा कोणीतरी पियानो वाजवत होतं आणि आमचं बाळ जन्मात पहिल्यांदा वीस मिनिटं गप्प होतं. तिकीट आहे.

सिबेलियसचं स्मारक मात्र मला ठीकठाक वाटलं. एइला हिल्तुनेनने केलेलं, १९६७ मधलं, सहाशेच्या वर स्टीलचे पाइप. गंमत अशी की तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला, संगीतकाराचं स्मारक आणि संगीतकार कुठाय, म्हणून मग बाजूला त्याचा चेहरा बसवला. पाइपांच्या खाली उभं राहून वर बघा, फोटो काढा, निघा. त्यापेक्षा आमोस रेक्स म्युझियमच्या वरचा चौक जास्त मजेदार, म्युझियम जमिनीखाली आणि त्याचे घुमट चौकात फुगून वर आलेले, त्यावर पोरं घसरगुंडी करतात.

आता ओदी. ही लायब्ररी आहे, आणि मी लायब्ररीत तीन वेळा गेले, सुट्टीवर असताना! फिनलंडला स्वातंत्र्य मिळून शंभर वर्षं झाली म्हणून देशाने स्वतःला काय भेट दिली तर ही लायब्ररी, ५ डिसेंबर २०१८ ला उघडली. जागाही बघा कुठली, मोकळं मैदान आणि पलीकडे बरोब्बर समोर संसद. खालच्या मजल्यावर कॅफे आणि सिनेमा थिएटर. मधल्या मजल्यावर शिलाई मशीन, थ्री-डी प्रिंटर, गाणं रेकॉर्ड करायला स्टुडिओ, गेम खेळायच्या खोल्या, एक स्वयंपाकघरसुद्धा आहे. पुस्तकं सगळी वरती, साधारण १ लाख, पांढऱ्या ढगासारख्या छताखाली, मध्ये खरी झाडं, आणि लाकडी जमीन टोकाला चढावासारखी वर गेलेली, तिथे पोरं लोळत असतात. एका बाजूला बाबागाड्यांची रांगच रांग. भावजयीने मशीन बुक करून बाळाच्या दुपट्यांच्या कडा शिवून घेतल्या. शेजारच्या मशीनवर एक सत्तरीचे आजोबा बोटीच्या कापडासारखं काहीतरी जाड शिवत होते, त्यांच्या पलीकडे दोन मुली चमचमता ड्रेस. कोणी कोणाला काही विचारत नाही, आत यायला कार्ड लागत नाही, बॅग तपासत नाहीत. गच्चीत कॉफी घेऊन बसलं की समोर खासदारांची इमारत. मला वाटतं ही मांडणी मुद्दामच केलेली आहे.

सौना, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी मारून वाफ घ्यायची गरम खोली, टाळू नका. "अगं पण कपडे..." हा आपला पहिला प्रश्न, माझाही तोच होता. तर दोन प्रकार आहेत. लोयल्यू म्हणून समुद्रकाठी लाकडाच्या फळ्यांची देखणी इमारत आहे, २०१६ ची, तिथे स्विमसूट घालून स्त्री-पुरुष एकत्र, घामाघूम झालं की शिडीने थेट समुद्रात. दुसरा प्रकार कल्लिओ भागातलं कोतिहार्यू, १९२८ पासून चालू असलेला मोहल्ल्यातला सार्वजनिक सौना, तिथे बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, आणि अंगावर काहीही नाही. मी दोन्ही केले. पहिली पाच मिनिटं मी टॉवेलला घट्ट धरून बसले होते, मग लक्षात आलं की कोणाला काही पडलेलंच नाही, साठीच्या बायका पाय पसरून निवांत गप्पा मारतायत. ट्राममध्ये शेजारी बसून एक शब्द न बोलणारे हे लोक सौनात बोलतात! एका आजींनी सांगितलं, खालच्या पायरीवर बस, वर जाऊ नकोस, झेपलं तर मग ये. दगडांवर पाणी मारलं की जी वाफ येते ती कानाच्या पाळ्यांना आधी कळते. बाहेर आलो तर फुटपाथवर टॉवेल गुंडाळलेली माणसं हातात थंडगार ड्रिंक घेऊन बसलेली, बाजूने बस जातेय, कोणी वळून बघत नाही. ५५ लाखांच्या देशात तीसेक लाख सौना आहेत असं सांगतात, त्यामुळे वळून काय बघणार.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. नळाचं पाणी पायान्ने तलावातून १२० किलोमीटर लांबीच्या खडकातल्या बोगद्याने येतं आणि चव अप्रतिम. कोल्ड्रिंकची बाटली घेतलीच तर फेकू नका, कुठल्याही सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये टाकली की पैसे परत मिळतात. हॉटेलात जेवण महाग, दुपारचा लंच बुफे त्यातल्या त्यात परवडतो. कॉफी कुठेही चांगली, सोबत दालचिनीचा कोर्वापूस्ती बन घ्या, एक दोघींत पुरतो. जूनच्या शेवटी जात असाल तर युहान्नुसची, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यातल्या सणाची सुट्टी कधी आहे ते आधी बघा, त्या वीकेंडला सगळं शहर उठून तलावाकाठच्या घरांवर जातं आणि अर्धी दुकानं बंद.

आणि सल्मियाक्की. काळ्या गोळ्या असतात, फिनिश लोक जीव टाकतात. त्यात अमोनियम क्लोराइड असतं, म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाला भांड्याला लावायचा तो! भावाने काही न सांगता हातावर ठेवली आणि माझा चेहरा व्हिडिओत घेतला, तो आता फॅमिली ग्रुपवर फिरतोय. एक अख्खं पाकीट घरी आणलंय, एक गोळी कमी. कोणाला हवं असेल तर सांगा, कुरियरचा खर्च मी करते.