तोंड येणं, पित्त आणि वाशिष्ठी

आज मानसोपचाराची अकरावी भेट. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं, तो अख्खा दिवस आणि रात्र आम्ही माळ्यावर काढली. तेव्हापासून पत्र्यावर पाऊस वाजला की छाती धडधडते, हे डॉक्टरांना माहीत होतं. पण सारखं तोंड येतं, अंगावर पित्त उठतं, हेही तिथे सांगायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. आज आई सोबत होती, तिने सांगून टाकलं.

डॉक्टर म्हणाले, पाणी ओसरलं तरी शरीर पहाऱ्यावरच आहे. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन एरवी शरीरातला दाह आवरतं. पीटीएसडीत, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजारात, हा लगाम बिघडू शकतो. अशा रुग्णांच्या रक्तात सीआरपी, इंटरल्युकिन-६ हे दाह दाखवणारे घटक सरासरीने जास्त सापडतात. २०१८ साली स्वीडनमधला एक लाखाहून अधिक रुग्णांचा अभ्यास आला. ताणाशी निगडित आजार असलेल्यांत ऑटोइम्यून आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते, जास्त दिसले. पीटीएसडीच्या ज्या रुग्णांनी पहिलं वर्ष एसएसआरआय या नैराश्यावरच्या गोळ्या सलग घेतल्या, त्यांच्यात ही वाढ कमी होती. हा फक्त संबंध आहे, एकामुळे दुसरं होतं याचा पुरावा नव्हे, हेही त्यांनी बजावलं. माझं पित्त त्यामुळेच, असं ते म्हणाले नाहीत. रक्त तपासायला दिलंय.

आई इतकंच म्हणाली, "म्हणजे पोर नाटक करत नव्हती." घरातल्या बऱ्याच जणांनी तेच म्हटलं होतं. रिक्षात मी तिचा हात सोडला नाही.

रिपोर्ट शनिवारी. रात्रीची गोळी चालूच.